गारा वेचण्याआधी

कॉन्व्हेंटमध्ये शिकताना माझी समजूत होती, थंडी असली की बर्फ, नाहीतर पाऊस. मग बुलढाण्यात मार्चच्या उन्हात गारा कशा पडतात? खरी गंमत वर आहे. उंच ढगात बर्फ असतोच. हिमकण सेकंदाला जेमतेम १ मीटर खाली येतो. आपल्याकडच्या जाड उबदार थरातून उतरता उतरता त्याचं पाणी होतं. वादळी ढगात मात्र वर चढणारा वारा गारेला झेलत राहतो, बर्फाचे थर चढतात. जड झाली की ती काही मिनिटांत जमिनीवर. वितळायला वेळच नाही!

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशाच गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातली रब्बी पिकं झोपवली. म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी होस्टेलच्या गच्चीवर गारा वेचायला धावण्याआधी रूममेटला एवढंच विचारा, "घरचा हरभरा निघाला का रे?"