हुकलेल्या टकरीची नोंद आणि शिक्षेची भीती

पुणे जिल्ह्याचे आकाश गजबजलेले आहे. लोहगावच्या एकाच धावपट्टीवरून हवाई दलाची लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने उडतात. बारामतीत वैमानिकीचे विद्यार्थी छोट्या विमानांतून सर्किट मारतात, कामशेतला पॅराग्लायडर असतात. अशा आकाशात दोन छोटी विमाने एकमेकांना अगदी घासून गेली आणि काहीच झाले नाही, तर ते कुणाला कळते?

टक्कर झाली की मात्र सगळ्यांना कळते. ८ जुलै २०२५ रोजी कॅनडातील मॅनिटोबात एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमाने आदळली आणि दोन्ही विद्यार्थी गेले. त्यांतला एक केरळचा होता. रेडिओ दोन्ही विमानांत होते.

‘बघा आणि टाळा’ हा छोट्या विमानांचा मूळ नियम. पण ताशी १६५ किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर मधले एक किलोमीटर अंतर अकरा सेकंदांत संपते. समोरचे विमान दिसणे, धोका उमगणे आणि आपले विमान प्रत्यक्ष वळणे यासाठी अमेरिकी नियामक साडेबारा सेकंद धरतो. त्यातून टकरीच्या मार्गावरचे विमान काचेवर सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखे राहते आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठे होते. प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या सेस्ना विमानाचे पंख वरच्या बाजूला. डावीकडे वळताना डावा पंख झुकतो आणि जिकडे वळायचे तीच बाजू झाकतो. वीस वर्षांच्या मुलाला ‘नीट बघत जा’ एवढे सांगून भागणार नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन मोठी विमाने आदळून ३४९ जण मेले. त्यानंतर आपल्याकडे प्रवासी विमानांना टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. तशी यंत्रणा शिकाऊ विमानांतही हवी, ही मागणी रास्त आहे. मात्र खर्च शेवटी विद्यार्थ्याच्या फीत येतो, आणि व्यावसायिक परवान्याचे २०० तास भरता भरता अनेक घरे आधीच कर्जात असतात. शिवाय समोरच्या विमानाचा ट्रान्सपाँडर, म्हणजे त्याचा संकेत पाठवणारे यंत्र, बंद असेल, तर ही यंत्रणाही आंधळीच.

म्हणून मला हुकलेल्या टकरींच्या नोंदीचा प्रश्न अधिक निकडीचा वाटतो. चूक कबूल केली की कारवाई, हे ठाऊक असलेला विद्यार्थी गप्प बसतो; इन्स्ट्रक्टरही संस्थेच्या नावाला जपतो. अमेरिकेत १९७६पासून असे अहवाल नियामकाकडे नव्हे, नासाकडे जातात. चूक नकळत घडलेली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सहसा दंड माफ होतो. यावर आक्षेप आहे की अभय दिले की बेफिकिरी वाढते. तो मी हलका मानत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामतीत चार दिवसांत एकाच संस्थेची दोन विमाने कोसळली, तेव्हा आपल्या नियामकाने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए), तिचे प्रशिक्षण थांबवले आणि ते योग्यच होते. मुद्दाम नियम मोडणाऱ्याला अभय नकोच. पण नजरचूक आणि मुजोरी यांना एकच दंड लावला, तर पहिलीही लपवली जाते.

आपल्याकडेही स्वेच्छेने कळवण्याची सोय आहे, पण ऐकणारा आणि परवाना रोखणारा विभाग एकाच छताखाली असेल, तर बोलणार कोण? हे काम डीजीसीएबाहेरच्या संस्थेकडे द्यावे. आलेल्या नोंदी नावे गाळून दरमहा बारामती, गोंदियासारख्या प्रत्येक प्रशिक्षणतळावर लावाव्यात, आणि सकाळच्या पहिल्या उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये त्यांतली एक तरी मुलांना वाचून दाखवावी.