काही नाही, कुरडयांचं आहे!

मे २००८ची गोष्ट. नेरूळला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सासूबाई कुरडया घालत होत्या. साताऱ्याजवळच्या गावाहून महिनाभर राहायला आल्या होत्या आणि येताना स्वतःचा सोऱ्या पिशवीत घालून आणला होता. (नवी मुंबईत सोऱ्या मिळत नाही, याची त्यांना खात्रीच!) घरात नवा कॅमेरा आलेला, म्हणून मुलानं हौसेनं सगळं टिपलं. तीन दिवस भिजलेला गहू, वाटून काढलेला चीक, गॅसवर रटरटणारं पातेलं आणि त्यावर आईंचा न थांबणारा आवाज, ‘‘हात थांबवू नकोस गं. पळीवरनं पडताना बघ, असा पडला की झाला!’’

ते सगळं टीव्हीखालच्या रेकॉर्डरवर एका डिस्कवर उतरवून घेतलं. डिस्क पुसता येणारी. कॅमेऱ्यातली कॅसेट लगेच पुढच्या वाढदिवसाला वापरली गेली.

१ जूनला पहिल्या आयपीएलची फायनल, तीही घराजवळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. बाप-लेक तिकीट काढून निघालेले, घरी मॅच रेकॉर्ड करून ठेवायची कामगिरी माझ्यावर. कोरी डिस्क एकही नव्हती. यांनी एक उचलून विचारलं, ‘‘यावर काय आहे गं?’’

मी म्हटलं, ‘‘काही नाही, कुरडयांचं आहे. पुसा.’’

राजस्थान शेवटच्या चेंडूवर जिंकलं. ती डिस्क आम्ही पुन्हा एकदाही लावली नाही.

मैत्रिणींनो, दोष त्या डिस्कचा नाही. तिची रचनाच तशी. आत धातूंच्या मिश्रणाचा पातळ थर असतो. लेसरच्या कडक उष्णतेनं तो ठिपक्या-ठिपक्यांनी वितळून लगेच थिजतो, ते झालं लिहिणं. त्याहून बेताच्या उष्णतेनं थर पूर्ववत होतो, ते झालं पुसणं. साधारण हजार वेळा हे करता येतं, असं बनवणारे सांगत. म्हणजे शाळेतली पाटीच! संगणकावर झटपट पुसलं तर बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका जाते, आतलं तसंच असतं, हे मला फार नंतर कळलं. पण वरून आख्खी मॅच उतरवल्यावर काय उरणार? जुन्या व्हिडिओ कॅसेटची बरी सोय होती. मागची प्लॅस्टिकची चकती तोडली, की कुणाला त्यावर चुकूनही रेकॉर्ड करता यायचं नाही. चिकटपट्टी लावायची म्हटलं, तरी तेवढ्यात माणूस विचार करायचा.

हे फक्त आपल्याच घरी झालं असंही नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. टेपा महाग, म्हणून त्याच पुन्हा वापरल्या जात आणि सुरुवातीचे कितीतरी कार्यक्रम त्यात गेले. अमेरिकेच्या ‘नासा’नं तर १९६९ सालच्या चांद्रमोहिमेच्या मूळ टेपा पुसून पुन्हा वापरल्या. २००९ साली शोध घेऊन त्यांनीच ते कबूल केलं. टीव्हीवर दाखवलेलं चित्रण इतरांकडे होतं म्हणून निभावलं. माझ्या आईंच्या कुरडया कोण प्रक्षेपित करणार होतं?

मला खुपतं ते वेगळंच. आमच्या लग्नाची जुनी कॅसेट डिस्कवर करून घेतली, ती एकदाच लिहिता येणारी, वर आमचा फोटो. मुलाची मुंज, घराची वास्तुशांत, सगळं पक्क्या डिस्कवर. बायकांचं रोजचं काम तेवढं पाटीवर! आणि हे घरातल्या पुरुषांनी ठरवलं म्हणावं, तर तसंही नाही. यांनी विचारलं होतं की! ‘काही नाही’ मी म्हटलं. आपल्याला कुणी फोनवर ‘काय करतेस?’ विचारलं तरी हातातलं लाटणं न ठेवता आपण हेच म्हणतो ना?

आई २०११ साली गेल्या. नंतर दोन उन्हाळे मी कुरडया करून बघितल्या. प्रमाण वहीत आहे, चिकाच्या मापाला तेवढंच पाणी. पण पळीवरून ‘असा’ म्हणजे कसा पडायला हवा, ते वहीत नाही. पहिल्या वर्षी तुटल्या, दुसऱ्या वर्षी तळल्यावर फुलल्याच नाहीत.

तुमच्याही कपाटात अशा डिस्क असतील. नव्या लॅपटॉपला बहुधा त्या घालायची जागाच नसते, वेगळा ड्राइव्ह जोडावा लागतो. तो मिळेल तेव्हा मागून घ्या आणि आधी लग्नाची लावू नका. ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही, त्या लावून बघा.

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री त्याच स्टेडियमवर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. खाली रस्त्यावर जल्लोष चाललेला, मी खिडकीत फोन घेऊन उभी. फोन म्हणाला, जागा नाही. काय काढता येईल त्याची यादी उघडली, तर सगळ्यात वर जावेचा व्हिडिओ. साडेचार मिनिटं, पुरण शिजलं की नाही ते उलथनं उभं करून दाखवतेय आणि मध्येच कुकरची शिट्टी मोजतेय.

खालचा जल्लोष नुसता बघितला.