चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें. आतां कुटुंबाचें बिऱ्हाडही मोटारींतून निघूं लागलें आहे. महाराष्ट्र शासनानें 2021 सालीं अशा ‘कॅरॅव्हॅन’ पर्यटनाचें धोरण आखलें. जेथें 1708 सालीं शाहू छत्रपतींस राज्याभिषेक झाला, तें सातारा शहर पाहूं इच्छिणाऱ्या वाचकांस आमची सूचना अशी कीं, हें वाहन तेथील चिंचोळ्या रस्त्यांत न नेतां, दक्षिणेस सुमारें 35 किलोमीटरांवर, तारळी-कृष्णांच्या संगमावरील उंब्रजास जागामालकाच्या संमतीनें उभें करावें. एस.टी.नें जाऊन अजिंक्यतारा पाहावा, सायंकाळीं परतावें. स्वतःचें अंथरूण व पथ्याचें जेवण मिळत असल्यानें वडील मंडळींस घरीं ठेवावें लागत नाहीं. मात्र सांडपाणी नदींत सोडूं नये. तेंच पुढें कऱ्हाडास पोहोंचतें. आपल्या सहलीचा मळ दुसऱ्याच्या घागरींत जावा, हें आपणांस शोभत नाहीं.