गॅस संपत नाही, गळतो

रविवारी सकाळी भाच्याचा रत्नागिरीहून फोन आला. "मामा, एसीत गॅस भरून आणला. आता थंड होतोय." मी विचारलं, "याआधी कधी भरला होतास?" तर दिवाळीत. आणि त्याच्याआधी गेल्या उन्हाळ्यात. चौदा महिन्यांत तीनदा गॅस भरला, तिन्ही वेळा पैसे दिले आणि तिन्ही वेळा एकच कारण ऐकून परत आला: "गॅस संपला होता."

हा 'संपला' शब्द ऐकला की माझं डोकं तापतं. या स्तंभाच्या जुन्या वाचकांना ते ठाऊक आहे. कूलंटवर लिहिलं तेव्हाही मी याच शब्दावर घसरलो होतो. पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्चही होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, समोरच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेरच्या हवेला देऊन त्याचा द्रव करतो, पुढे तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळून गारवा देतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा भरलेलाच गॅस वर्षानुवर्षं गोल फिरत राहतो. रबरी होसमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून तो अगदी थोडा झिरपतो, म्हणून सहा-सात वर्षांच्या गाडीत काही ग्रॅम कमी भरले तर नवल नाही. पण पाच-सहा महिन्यांत एसी गरम हवा फेकू लागला, तर कुठेतरी भोक आहे. दुसरा अर्थ नाही.

भाचा गॅस भरून घेतो त्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर एक पंक्चरचं दुकान आहे. गेल्या खेपेला तिथे मी स्कूटरचं पंक्चर काढून घेतलं होतं. त्या माणसाचं काम आठवून पाहा, कारण ते तुम्हीही शंभर वेळा पाहिलेलं आहे. ट्यूब बाहेर काढतो, हवा भरतो आणि पाण्याच्या घमेल्यात बोटाबोटाने पुढे सरकवत दाबत जातो. बुडबुडे आले की तिथे खूण करतो. कानशीने घासतो, सोल्युशन लावतो, ते सुकेपर्यंत थांबतो, मग पॅच ठोकतो. आणि एवढं झाल्यावरही ट्यूब पुन्हा पूर्ण फिरवून पाण्यात बघतो, कारण खिळा आरपार गेला असेल तर भोकं दोन असतात. वॉल्व्हला थुंकी लावून तिथलाही बुडबुडा पाहतो. टायरच्या आत बोटं फिरवून खिळा अजून रुतलेला आहे का ते चाचपतो. या कामाला किती पैसे घेतो? एका चहा-वड्याच्या आसपास.

आता हाच माणूस भोक न शोधता नुसती हवा भरून "हवा संपली होती" म्हणाला असता, तर आपण पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढलो असतो का? एसीच्या बाबतीत मात्र आपण तीनतीनदा चढतो. गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब तीस-बत्तीस पीएसआय असतो. उन्हाळ्यात एसी चालू असताना कंडेन्सरमधला दाब दोनशेच्या वर जातो, म्हणजे सहा-सात पट. आणि हा दाब पेलणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांची जाडी मिलिमीटरभरही नसते. तिथे सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं तरी गॅस थांबेल कसा?

पंक्चरवाल्याचं घमेलं एसीवाल्याकडेही असायला हवं, आणि चांगल्या कारागिराकडे ते असतं. उरलेला गॅस यंत्रात काढून घ्यायचा, लाइनमध्ये नायट्रोजन दाबाने भरायचा, सांध्यांवर आणि कंडेन्सरवर साबणाचा फेस लावायचा आणि बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्यांना तेही नको त्यांनी बंपरच्या जाळीतून टॉर्च मारावा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं. गळतीच्या जागी ते बाहेर येतं, त्यावर धूळ बसते आणि तिथे काळपट, तेलकट डाग दिसतो.

मी भाच्याला दुसऱ्या कारागिराकडे पाठवलं. मंगळवारी त्याने फोटो पाठवला: कंडेन्सरचा खालचा डावा कोपरा, तिथे फिन्सवर पांढरी भुकटी आणि भुकटीतून उठणारे साबणाचे बुडबुडे. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. पावसाळ्यात रस्त्याचा चिखल बंपरच्या तळाशी येऊन बसतो, कोकणात त्यात खाऱ्या हवेची भर पडते, आणि ओल धरून राहिलेला तो चिखल कोपरा खात जातो.

इथे पंक्चरची तुलना संपते, आणि ती कुठे संपते हेही गाडीवाल्याला कळायला हवं. ट्यूबला पॅच टिकतो. कंडेन्सरच्या नळीला टिकत नाही. जुन्या पितळी रेडिएटरसारखं "झाळून देतो" म्हणणारे आहेत, पण इतक्या पातळ ॲल्युमिनियमवर लावलेली झाळ किंवा एपॉक्सी दोनशे पीएसआयला किती दिवस धरणार? गळती बुजवणाऱ्या रसायनाची बाटलीही लाइनमध्ये ओतू देऊ नका. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी जाऊन बसतं. कंडेन्सर गळला तर तो बदलायचा.

बदलताना चार गोष्टी पाहा, कारण नवा कंडेन्सर बसवूनही एसी पुन्हा बिघडतो तो इथेच. आजकालच्या बऱ्याच कंडेन्सरच्या कडेला ड्रायरची नळकांडी असते आणि तिच्या आत ओल शोषणारी पिशवी. नवा कंडेन्सर त्या पिशवीसकटच घ्या, आणि त्याची प्लॅस्टिकची टोपणं जोडणीच्या क्षणापर्यंत काढू देऊ नका, नाहीतर पावसाळी हवेतच ती पिशवी भरून जाते. ओ-रिंग नव्या घालायच्या, जुन्या पुसून नाही. तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं आणि तेवढंच. आणि व्हॅक्यूम. पंप लावून हवा खेचली की दाब इतका उतरतो की लाइनमध्ये राहिलेलं पाणी पंचवीस अंशांच्या आसपासच उकळून वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत हे होत नाही, किमान अर्धा तास पंप चालू हवा. मग पंप बंद करून काटा हलतो का ते पाहायचं. काटा सरकला तर अजून कुठेतरी गळती आहे.

कंडेन्सरच्या खर्चाला घाबरून जे वरचेवर गॅस भरत राहतात, त्यांचं नुकसान मोठं आहे. गॅससोबत तेल जात राहतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि एक दिवस जाम होतो. त्याचा धातूचा चुरा मग कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत अडकतो, आणि तो तिथून धुऊन निघत नाही. तेव्हा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर दोन्ही घ्यावे लागतात, आणि कॉम्प्रेसरची किंमत कंडेन्सरच्या कितीतरी पट असते.

प्रेशर वॉशरबद्दल मी पुन्हा लिहिणार, संपादकांनी कितीही वेळा हात जोडले तरी. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे दगडांपेक्षा जास्त कंडेन्सर वॉशिंग सेंटरच्या बंदुकीने खराब होतात. वीतभर अंतरावरून तो फवारा जाळीवर मारला की पातळ फिन्स आडव्या होतात, हवेची वाट बंद होते, आणि मालक समाधानाने म्हणतो, गाडी लख्ख झाली. कंडेन्सर साध्या नळाच्या पाण्याने, समोरून हलक्या हाताने धुवायचा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा, गाडी थंड असताना. वाकलेल्या फिन्स सरळ करायला कंगवा मिळतो, तो वापरा. आणि महामार्गावर एसी गार, पण सिग्नलला थांबलं की कोमट, अशी तक्रार असेल तर गॅसकडे वळण्याआधी पंखा फिरतो का आणि कंडेन्सर चोंदला आहे का ते बघा. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोण आहे?

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मला खरंच कळवळून लिहावंसं वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए हा गॅस आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट पृथ्वी तापवतो. म्हणजे छोट्या गाडीतला 450 ग्रॅम गॅस हवेत गेला, तर सुमारे पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्याएवढं नुकसान होतं. युरोपात 1 जानेवारी 2017 पासून नव्या मोटारींमध्ये हा गॅस चालत नाही. अशा वायूंचा वापर घटवण्यासाठीची किगाली दुरुस्ती भारताने 2021 मध्ये स्वीकारली, पण तिच्यातली पायरीपायरीने कपात आपल्याकडे 2032 पासून सुरू होणार. तोवर भोक न बुजवता पुन्हापुन्हा भरलेला प्रत्येक गॅस त्याच भोकातून रत्नागिरीच्या, पुण्याच्या, नागपूरच्या हवेत जाणार आहे. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनलाही एसी सक्तीचा झाला आहे. ट्रकचालकांना तो मिळायलाच हवा होता, खूप आधी मिळायला हवा होता. पण त्या गाड्याही दुरुस्तीला याच गॅरेजांत येणार आहेत.

म्हणून माझी जुनी मागणी पुन्हा करतो. एसीच्या प्रत्येक बिलावर ग्रॅम लिहिलेले असावेत: किती काढला, किती भरला. बॉनेटखालच्या स्टिकरवर गाडीला किती गॅस लागतो ते छापलेलं असतं. कमी भरला तर गारवा नाही आणि जास्त भरला तरी नाही, उलट दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो. गेजच्या काट्याकडे बघून "झाला फुल" म्हणणं हे मोजमाप नव्हे. काढलेल्या आणि स्टिकरवरच्या आकड्यांतला फरक म्हणजे गळलेला गॅस, आणि तो आकडा बिलावर असेल तर 'संपला' हा शब्द कुणाला वापरता येणार नाही.

गुरुवारी भाच्याच्या गाडीत नवा कंडेन्सर बसला. जुन्या लाइनमधून 190 ग्रॅम निघाला, नवा 450 ग्रॅम भरला. दोन्ही आकडे बिलावर आहेत. तुमचं बिलही तसंच लिहून घ्या, आणि कुणी नकार दिला तर गाडी तिथून पुढे न्या.