दिव्यातील तेल आणि पाचोडची संध्याकाळ



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातील दहा कुमारींचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. वर येण्यास उशीर झाला तेव्हा दाही जणींना झोप लागली. भेद होता तो तेलाचा, आणि ते तेल ऐनवेळी उसने मिळाले नाही. आध्यात्मिक सिद्धता रोज थोडी थोडी साठवावी लागते, हा त्यातील बोध. तो आज मराठवाड्यातील बालविवाहाच्या प्रश्नास लावून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह वयाच्या १८ वर्षांपूर्वी झाले होते. आपल्या भागात यामागे ऊसतोडीचे मोठे कारण आहे. मुकादम पती-पत्नीच्या जोडीला एक ‘कोयता’ मानून उचल देतो. आईबाप कारखान्याच्या फडावर जाताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही चिंता त्यांना ग्रासते, आणि लग्न हाच उपाय वाटू लागतो. आपली कुटुंबेही याच गावांत राहतात. तीच गरिबी आणि तीच भीती त्यांच्याही वाट्याला येते.

पैठण तालुक्यातील पाचोडने यावर एक वाट दाखविली आहे. डॉ. अशोक दयालचंद यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग सुरू केले. वर्ग रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर चालत. शिकविणाऱ्या स्त्रिया गावातल्याच, किमान सातवी शिकलेल्या. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांतील मुलींच्या विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ झाले. एक वर्ष ही वाढ कोणास अल्प वाटेल. परंतु त्या एका वर्षात एखादी मुलगी दहावीची परीक्षा देऊ शकते. ही संस्था आपल्या धर्मप्रांताची नव्हे, तरीही तिची चिकाटी आपणांस अनुकरणीय आहे.

येथे कोणी म्हणेल, ख्रिस्तसभेच्या कायद्यात विवाहाच्या वैधतेसाठी मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १६ आहे (कलम १०८३). ते खरे, परंतु नागरी कायद्यास अमान्य विवाह धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून लावू नये, असे कलम १०७१ सांगते. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ प्रमाणे ही वये १८ आणि २१ आहेत, आणि असा विवाह लावणाराही दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतो. म्हणून वयाचा दाखला पाहिल्याविना विवाहाची तारीख देणे कोणत्याही धर्मगुरूस शोभणारे नाही.

मग आपण काय करावे? फडावर जाणाऱ्या कुटुंबाच्या मुलीला आपल्या घरी, शेजारी वा वसतिगृहात आसरा द्यावा. संध्याकाळच्या रोझरीनंतर मुलींसाठी एक तास राखून ठेवावा. सोयरीक ठरल्यावर उपदेश करणे म्हणजे मध्यरात्री तेल शोधणे होय. मुलगी बारा वर्षांची असतानाच तिच्या आईबापांशी बोलावे. रविवारची मिस्सा न चुकविणारा श्रद्धावंत सोमवारी शेजारच्या मुलीसाठी जागा असेल, तरच त्याच्या दिव्यात तेल आहे असे आम्ही समजू.