उटण्यात मीठ नको

भाईंदरहून उत्तनच्या रस्त्याला लागले की राई, मुर्धा, मोरवा ही आगरी गावे एकापाठोपाठ येतात. भरतीचे पाणी आत घ्यायचे, उन्हावर आटवायचे आणि पावसाआधी मिठाच्या राशी झाकायच्या, हे या पट्ट्याचे जुने कसब. इतके चांगले जाडे मीठ हाताशी असताना घरगुती प्रसाधने करणाऱ्यांना ते वापरावेसे वाटणे साहजिकच आहे. फक्त दिवाळीच्या उटण्यात ते घालू नये.

कारण हवेत आहे. शुद्ध मीठ आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढू लागते. मिठागराच्या न धुतलेल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असते आणि ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलावते. किनाऱ्यावर आश्विनातल्या सकाळी दमटच असतात. अशा हवेत मसुराचे पीठ, मुलतानी माती, नागरमोथा, गव्हला कचोरा यांच्या मिश्रणात मीठ पडले की गुठळ्या होतात, सुवास उतरतो आणि बुरशीला वाट मिळते. मिठाने जंतू मरतात हे खरे. पण काही बुरशी तेवढ्या ओलीवरही वाढतात. शिवाय जाड खडा चेहऱ्यावर ओरखडे काढतो.

मीठ वापरायचेच तर ते बारीक करून, खोबरेलात कालवून, टाचांसाठी वेगळ्या बरणीत द्यावे. ओला हात मात्र आत जाता कामा नये.

उटण्यातल्या हळदीबाबत याहून जास्त सावध राहायला हवे. दळलेली हळद भेसळीची असू शकते म्हणून अनेक जण हळकुंडे आणून घरी दळतात. ते योग्यच. पण लेड क्रोमेट हळकुंडांनाही चोळले जाते. त्यात शिसे असते आणि ते लहान मुलांना फार घातक. अभ्यंगस्नानाला पहिले उटणे मुलांनाच लागते! तेव्हा भडक, चकचकीत हळकुंड परत करावे. ओळखीच्या शेतकऱ्याकडचे मळकट चालेल.

विक्री करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. सौंदर्यप्रसाधने बनवून विकायला परवाना लागतो. २०२० च्या नियमांनुसार तो अन्न व औषध प्रशासन देते. पाकिटावर ‘मुरूम बरे होतात’ असे छापले, तर दावा औषधाचा होतो आणि त्याचा परवाना निराळा. प्रसाधन की औषध, हा वाद ‘विको टर्मरिक’च्या अबकारी करापायी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पाकिटे छापायला देण्याआधी ती ओळ काढावी आणि तिथे घटकांची यादी, बॅच क्रमांक व वापरण्याची मुदत ठळक घालावी.