गाडीची उधारी

आमच्या फील्डमध्ये 'टेक्निकल डेट' हा शब्द मीटिंगमध्ये चार वेळा तरी कानावर पडतोच. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या प्रोग्रामरने 1992 मध्ये ही कर्जाची उपमा वापरली. आज घाईत कोड टाकून मोकळे झालात, तरी काम संपत नाही. ते उधारीच्या वहीत जातं आणि त्यावर व्याज चढत राहतं. गंमत म्हणजे सोमवार ते शुक्रवार यावर तावातावाने बोलणारी आमची जमात शनिवारी पार्किंगमधल्या स्वतःच्या गाडीकडे बघून म्हणते, "चालतेय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?"

माझं म्हणणं उलट आहे. लाखाच्या वर पळालेली गाडी 'चालतेय' याचा अर्थ ती उधारीवर चालतेय एवढाच असू शकतो. ही उधारी फेडणं नवी गाडी घेण्यापेक्षा बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं. फक्त ती क्रमाने फेडायला हवी.

आता उदाहरण घरचंच देतो. मामाने या वर्षी ड्रायव्हिंग बंद केलं आणि गाडी माझ्याकडे आली. 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, 1,38,000 किलोमीटर. सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का 71,000 चा. त्यानंतर कोपऱ्यावर ऑइल बदललं असेल तेवढंच. मामा म्हणाला, "अरे, एकदाही बंद पडली नाही!" खरंय. पण याच गाडीने आई-बाबांना घेऊन कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं होतं. तेव्हा 'बंद पडली नाही' हे सर्टिफिकेट मला पुरेसं वाटलं नाही.

मोठ्या सर्व्हिस सेंटरने 78,000 चं एस्टिमेट हातात ठेवलं. त्यात इंजिन डीकार्बनायझिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग असं बरंच काही होतं. नव्हतं काय, तर ब्रेक ऑइल! इथेच लोक वैतागतात आणि म्हणतात, "एवढ्या पैशात निम्मी गाडी येईल, विकून टाक."

थांबा जरा. आधी पेशंट वाचण्यासारखा आहे का ते बघा. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी पहिल्यांदा प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, मग गाडी वर घेऊन चासीचा गंज बघितला. "इंजिनियर साहेब, हे दोन ठीक असतील तरच पुढचे पैसे घाला. नाहीतर आमचा धंदा होईल, तुमचं काही होणार नाही." मला हे वाक्य फ्रेम करून ऑफिसात लावावंसं वाटतंय. खालचा सांगाडा गंजून कुजलाय किंवा कॉम्प्रेशन बसलंय, तर भावनिक न होता गाडी सोडावी. आमचं दोन्ही ठीक निघालं.

मग क्रम. मी तीन कप्पे केले: माणसाला मारणारं, इंजिनला मारणारं आणि नुसता मूड मारणारं. हसू नका, बग ट्रॅकरमध्ये आपण हेच करतो.

पहिला कप्पा ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, हे किती जणांना माहीत असतं? डॉट 4 च्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हमी 155 वर येते. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हे कधीच कळत नाही. घाटात सतत ब्रेक दाबून ते तापतं, उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पॅडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. 'एकदाही बंद पडली नाही' असं म्हणणारी गाडी पहिल्यांदाच दगा देते ती अशा जागी. साधारण दोन वर्षांनी बदलायची ही गोष्ट, आणि खर्च बाहेरच्या एका जेवणाइतका.

टायरचंही तेच. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की खाचांतल्या छोट्या पट्ट्या टायरच्या पृष्ठभागाला येऊन टेकतात, म्हणजे टायर संपला. पण नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2316 असेल तर 2016 चा तेविसावा आठवडा. आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघून या, आणि डिक्कीतली स्टेपनीही बघा.

दुसरा कप्पा इंजिनचा. कूलंटला लोक रंगीत पाणी समजतात आणि उन्हाळ्यात वरून नळाचं पाणी ओततात. त्यातली गंज रोखणारी रसायनं काही वर्षांत संपतात, मग रेडिएटर आतून खायला लागतो. इंजिन एकदा जास्त तापलं की हेड गॅस्केटचा खर्च दहा वेळच्या कूलंटहून जास्त. तुमच्या इंजिनात टायमिंग चेन आहे की बेल्ट, हेही मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल तर तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. ही उधारी एका झटक्यात वसूल होते.

जुन्या गाड्यांसाठी एक नवं खातंही उघडलंय. 2025 मध्ये देशभरातल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल रुळलं. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे त्या वर्षी पेट्रोलियम मंत्रालयानेही सांगितलं. तेव्हा पेट्रोलचे रबरी पाइप चिरलेत का, हे बघून घ्याच.

तिसऱ्या कप्प्यात सस्पेन्शनचे घासलेले बुश, इंजिन माउंट, खडखडणारा दरवाजा, बसलेली सीट. घासलेल्या बुशांनी टायर वाकडे झिजत असतील तर ते पहिल्या कप्प्यात ढकला. बाकीचं पुढच्या पगाराला. सगळं एकदम उघडायचं नाही, हाही नियम पाळा. एका रिलीजमध्ये वीस बदल टाकले तर नवा आवाज कशामुळे आला, हे देवही सांगू शकणार नाही. वर्षानुवर्षं दुर्लक्षित इंजिनला 'फ्लश' मारण्याचा उत्साहही नको. सुटलेला गाळ ऑइलच्या वाटेत अडकू शकतो. त्यापेक्षा दोन-तीन हजार किलोमीटरवर पुन्हा एकदा ऑइल आणि फिल्टर बदला.

दोन हप्त्यांत मिळून माझा खर्च 43,000 झाला. मित्र म्हणाला, "गाडीची किंमत सव्वा लाख, आणि तू 43,000 घातलेस?" ही तुलनाच चुकीची आहे. प्रश्न गाडी विकून किती येतील हा नाही, तिच्या जागी दुसरी आणायला किती जातील हा आहे. आठ लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 16,600 च्या आसपास बसतो आणि नुसतं व्याज दोन लाखांच्या घरात जातं. म्हणजे माझी सगळी थकबाकी जेमतेम अडीच हप्त्यांत फिटली. शिवाय सव्वा लाखाची दुसरी जुनी गाडी आणली तर तिची उधारी कोणाला माहीत? हिची वही तरी मी वाचलीय.

दुसरी बाजूही सांगतो. जुन्या गाडीत नव्या गाड्यांइतक्या एअरबॅग नाहीत, हे कितीही सर्व्हिसिंग केलं तरी बदलत नाही. रोज हायवेवर लांब पल्ला मारणाऱ्याने नवीच घ्यावी. आणि 15 वर्षं झाली की रीपासिंगला आरटीओत फिटनेस दाखवावा लागतो. तिथली कारची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झाली. हेही गणितात धरा.

पण आमच्या पिढीतले बरेच जण गाडी विकतात ती म्हातारी झाली म्हणून नाही, तिची उधारी बघायची भीती वाटते म्हणून. मग नव्या गाडीबरोबर बँकेची उधारी घेतात. ले-ऑफच्या बातम्या दर महिन्याला येत असताना पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर नसणं ही मला तरी चैनच वाटते.

असो. या शनिवारी दुसरं काही करू नका. ग्लोव्ह बॉक्समधलं सर्व्हिस बुक काढा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते शोधा. तारीख सापडली नाही तर तेच उत्तर समजा आणि गॅरेजला फोन लावा.